पांढऱ्या खड्यांच्या लगोऱ्या

खडकावर वाट नसते. वाळूत पाऊल उमटतं, चिखलात उमटतं, पण आमच्या इथल्या लाल खडकावर घोडा नाचवला तरी ओरखडा उठत नाही. चारी बाजूंना सारखेच उंचवटे आणि सारख्याच घळी. म्हणून लगोऱ्या. एकावर एक तीन दगड. एका लगोरीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे, एवढाच नियम. काकवी कुंडांच्या वाटेवर अशा एकशे बारा लगोऱ्या होत्या आणि त्या सगळ्या माझ्या सासऱ्यांनी, नेल्डनबाबांनी, चाळीस वर्षांपूर्वी लावलेल्या.

उन्हाळा सरला की पाहुणे येतात. आमची गाडी त्यांना गावातून वाटेच्या तोंडाशी सोडते आणि संध्याकाळी परत आणते. वर जाऊन ते कुंडांतलं काकवीसारखं तपकिरी पाणी बघतात, सँडविच खातात, आणि मग त्यांचे हात शिवशिवायला लागतात. कुणीतरी एक लगोरी रचतं, तिचं बघून दुसरं कुणी रचतं, नऊ दगडांची, कमरेइतकी उंच. फोटो छान येतो. पण मागून येणाऱ्याला ती खूणच वाटते. तो तिच्या मागे जातो आणि कड्याच्या टोकाशी उभा राहतो. त्यामुळे दर दुसऱ्या मंगळवारी आमच्या घरातलं कुणीतरी वर जातं आणि आपल्या नाहीत त्या लगोऱ्या पाडून येतं. लाथेने. बाबा म्हणतात, "हाताने उतरवायला लागलीस तर दिवस पुरायचा नाही, वर दया येईल ते वेगळंच."

लग्न झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे. नवरा वायोमिंगमध्ये गॅसच्या पाइपांवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. ओपल झाल्यावर मी दोन महिने गेले नाही, मग तिला पाठीला बांधून जायला लागले. पाच वार लांब निळं कापड, खांद्यांवरून घेऊन कमरेला दोन वेढे. तिचं डोकं माझ्या मानेला लागतं. चालताना तिचा श्वास ऐकू येतो आणि मला तेवढीच सोबत पुरते.

ह्या कामाची एक रीत आहे. वाटेच्या तोंडाशी खांबाला लोखंडी पेटी आहे, तिच्यात नोंदवही. वर जाणारा आपलं नाव, किती माणसं, कुठे जाणार हे लिहून जातो आणि उतरल्यावर समोर वेळ टाकतो. लगोऱ्या पाडायला जाणाऱ्याने आधी ती वही वाचायची, मगच पाऊल उचलायचं.

त्या मंगळवारी मी ती वाचली नाही.

कारण सांगण्यासारखंही नाही. पेटीचं झाकण करकरतं. ओपल रात्री तीनदा उठली होती, गाडीत कशीबशी झोपली होती, आणि तशीच उचलून मी तिला बांधली होती. झाकण उघडलं तर जागी होईल, एवढंच मनात आलं. उतरल्यावर वाचू म्हटलं. बाजूला एक राखाडी गाडी उभी होती, काचांवर दव साचलेली. ती मी बघितली, आणि बघूनही बघितली नाही.

सासू खालीच थांबली. तिला मी आईच म्हणते. तिचं नाव लव्हॉन. "माझा गुडघा म्हणजे सरकारी कचेरी," ती म्हणाली आणि विणकाम काढून गाडीत बसली. "मनात आलं तर उघडतो. आज सुट्टी. जा तू."

चौथा उंचवटा ओलांडला तेव्हा नऊ वाजले असतील. तिथे आमच्या रांगेतून डावीकडे एक नवीच रांग फुटलेली दिसली. गुडघ्याएवढ्या लगोऱ्या, पाच पाच दगडांच्या, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर अंड्याएवढा पांढरा खडा. काम नेटकं होतं. पाहुण्यांची लगोरी वाकडी असते, घाईत रचलेली. ह्यांना घाई नव्हती.

मी पहिलीला लाथ मारली. दगड खळाळत उतरले, आणि पाठीवर ओपल खदखदून हसली.

तोवर ती गालात हसायची, तोंड वाकडं करून. असं पोटातून आलेलं हसू पहिलंच. माझ्या पाठीला ते हादरे बसले. मी थांबले, आणि ती गप्प झाली. दुसरी पाडली, पुन्हा हसली. मग काय, मी वेडीच झाले. "अजून? अजून एक? बघ हं!" असं म्हणत पळत पळत एकेक पाडत गेले. एकोणीस होत्या. शेवटची एका उताराच्या काठाशी होती; पलीकडे नुसता उघडा खडक, त्याच्याखाली कडा. शेवटच्या काही तर मी कामासाठी पाडल्याच नाहीत, तिच्या हसण्यासाठी पाडल्या.

साडेअकराला खाली आले ते नाचतच. "आई, ओपल हसली! खदखदून! दगड पडले की हसते!"

लव्हॉनने चष्म्यावरून बघितलं. "दगडांना? चार महिने मी हिच्यापुढे माकडचेष्टा करतेय, डोक्यावर बूट घालून दाखवला, तेव्हा बाईसाहेबांनी जांभई दिली. आणि हसल्या कुणाला, तर दगडांना. बापावर गेलीय."

मी हसत हसत पेटी उघडली.

शेवटची नोंद सोमवारची होती. नीट, उभ्या अक्षरात. सकाळी आठ. वेंडेल ग्रोट, आयोवा. एकटा. कुंडांच्या डावीकडची घळ बघून दुपारी परत. आणि खाली: "परतीच्या खुणेसाठी पांढरे खडे ठेवलेले छोटे ढीग लावतो आहे. कृपया पाडू नयेत. उतरताना मी स्वतः आवरून टाकीन."

उतरल्याची वेळ कोरी होती.

मी वही तशीच हातात धरून उभी राहिले. लव्हॉन गाडीतून उतरली, तिने माझ्या खांद्यावरून वाचलं, मग त्या राखाडी गाडीकडे बघितलं.

"किती पाडल्यास?"

"सगळ्या."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ओपलला माझ्या पाठीवरून सोडवून आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हे बघ. मी गाडी घेऊन रस्त्यावरच्या गुरं अडवायच्या जाळीपर्यंत जाते, तिथे रेंज येते. शेरीफची माणसं बोलावते, बाबांनाही बोलावते. तू वर जा, हाका मारत राहा, आणि त्या खुणा परत उभ्या कर. नाहीतर ह्या माणसांनी शोधायचं कुठे? मी त्यांना सांगते, पांढरे खडे धरून या."

"ओपलला भूक लागेल."

"दोन बाटल्या आहेत. नाही घेतली तर रडेल. रडून कुणी मरत नाही, पोरी. जा."

पाणी, सँडविच आणि लव्हॉनचा हॉट चॉकलेटचा थर्मास घेऊन मी निघाले. निळं कापड सोडायचं राहूनच गेलं, ते तसंच कमरेला गुंडाळलेलं. पाठ हलकी झाली होती, पण मी जरा पुढे वाकूनच चालत होते, आणि दर थोड्या वेळाने हात मागे जायचा.

चौथ्या उंचवट्यावर पोहोचले तेव्हा पाऊण वाजला होता. मी वर चढून डावीकडे बघितलं.

लगोऱ्या उभ्या होत्या.

पहिली, दुसरी, तिसरी, सरळ रांगेत, पाच पाच दगड आणि माथ्यावर पांढरा खडा. तीन तासांपूर्वी ते खडे मी स्वतः उडवले होते. एक तर घळीत गेलेला डोळ्यांनी बघितला होता.

आधी वाटलं, सुटले. माणूस जिवंत आहे. परत आला, खुणा पडलेल्या बघितल्या, चिडला आणि पुन्हा लावल्या. "मिस्टर ग्रोट!" मी हाक मारली. "अहो, मिस्टर ग्रोट! माफ करा, माझी चूक झाली!" खडकाने हाक परत दिली, बाकी कुणी नाही. आणि मग दुसरा विचार आला. पहिली लगोरी आमच्या वाटेला चिकटून आहे. इथवर जो येईल तो खाली उतरेल. गाडी खाली उभी आहे, पाणी खाली आहे. इथवर येऊन, एकोणीस ढीग रचून, कुणी परत आत कशाला जाईल?

तरी मी गेले. दुसरं काय करणार? त्या खुणा त्याच्या होत्या, त्याच्यापर्यंतच जाणार असं धरून चालले. एकेक मोजत. वारा नव्हता. लगोऱ्यांच्या सावल्या अगदी आखूड, पायाशी गोळा झालेल्या. माझ्याच बुटांचा आवाज, आणि मी थांबले की तोही नाही.

एकोणिसावीपाशी उभी राहिले. सकाळी इथेच रांग संपली होती. आता उताराखाली, पंधरा-वीस पावलांवर, विसावी दिसत होती. तिच्या पलीकडे एकविसावी, कड्याच्या अगदी ओठाशी.

मी पाऊल उचललं सुद्धा होतं. सवय असते ती. एका लगोरीपाशी उभं राहून पुढची दिसली की पाय आपोआप पडतो. आमच्या घरात तर डोळे मिटून पडतो. पण उजेड सरळ होता आणि विसावीचे दगड लख्ख दिसले. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर दगडफूल उगवलं होतं. करड्या-हिरव्या रंगाचं, दोन्ही दगडांवर पसरलेलं, एकसंध. दगडफूल नखाएवढं वाढायला आमच्याकडे माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

सकाळी ती लगोरी तिथे नव्हती.

मी झटकन मागे सरले, टाच एकोणिसावीला लागली आणि ती खळाळून पडली. त्या आवाजासरशी उजवीकडून, खालून, मडक्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला.

"बाई! अहो बाई! पुन्हा पाडा! आवाज करत राहा, मी इथे आहे!"

मी दगडावर दगड आपटत, उताराला वळसा घालून, उजव्या अंगाने बसत बसत खाली गेले. तिथे रांजण होता. पाण्याने खडकात कोरलेला, दोन माणसं खोल, आतून पोटाला फुगलेला, गुळगुळीत. अशा रांजणाला आम्ही राखणदार म्हणतो; जे आत जातं ते तो राखून ठेवतो. तळाशी गुडघाभर तपकिरी पाणी, आणि त्यात भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. अंगात सदरा, टोपी नाही, ओठ निळे.

"पाय मोडलाय बहुतेक," तो वर बघून म्हणाला, जणू पत्ता सांगतोय. "घोट्यापाशी. पाणी पुष्कळ आहे, चव भयंकर. तुमच्याकडे काही गरम आहे?"

मी कमरेचं कापड सोडलं. त्याच्या टोकाला थर्मास आणि सँडविच बांधून खाली सोडलं. त्याने थर्मास उघडला, पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "कॉफी नाही?"

"आमच्या धर्मात कॉफी चालत नाही. अख्ख्या गावात कुणी पीत नाही."

"बरोबर. कुठल्या गावात येऊन पडलो मी." त्याने अजून एक घोट घेतला. कापडाचं टोक त्याने मनगटाला गुंडाळून घेतलं. वरचं टोक माझ्या हातात होतं. त्याच्या अंगाची थरथर मला कापडातून कळत होती.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. वही वाचली नाही, खुणा पाडल्या, मदत येतेय. "तुमच्या खुणा मी पाडल्या नसत्या तर तुम्ही घरी गेला असता," मी म्हणाले.

"कधी पाडल्यात?"

"आज सकाळी."

"मग त्याचं काही नाही. मी कालच पडलोय, सोमवारी दुपारी." मग म्हणाला, "किती पाडल्यात?"

"एकोणीस."

"मी सात लावल्या होत्या."

तो खालूनच बोलत राहिला, हळूहळू, दातांवर दात आपटत. पन्नास वर्षं त्याने लोकांचे पियानो सुरात लावले होते. मोजायची आणि ऐकायची सवय होती. "सात खडे खिशात घातले होते, सात ढीग केले. परत येताना माझे पांढरे खडे दिसले, बरं वाटलं. धरून चालायला लागलो. सात झाले, पण तुमची वाट येईना. आठवा आला. म्हटलं, म्हातारा झालास वेंडेल, मोजण्यात चुकलास. दहा. बारा. प्रत्येक वेळी पुढचा दिसायचा. एकोणिसावा झाला, विसावा उताराखाली होता. पाय टाकला." त्याने रांजणाच्या भिंतीवर हात थोपटला. "इतकंच."

"सकाळी मी तुमच्या डोक्यावरच होते," मी म्हणाले. "हाक का नाही मारलीत?"

"मारली की. घसा बसेपर्यंत मारली. तुम्ही दगड पाडत होतात आणि तुमचं बाळ हसत होतं. बाळ हसत असलं की आईला दुसरं काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. मला चार झाली." मग त्याने विचारलं, "पण एक सांगा. रात्री त्याला घेऊन तुम्ही इथे काय करत होतात?"

"रात्री?"

"रात्रभर हसत होतं ते. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज यायचा, मग हसायचं. पडल्याचा नाही हं, ठेवल्याचा. मला फरक कळतो."

ओपल रात्री माझ्या कुशीत होती. तीनदा उठली होती. मी हे त्याला सांगितलं नाही. माझ्या मनात सकाळचंच येत राहिलं. मी पुढे बघून लाथ मारत होते आणि ती पाठीवर होती, मागे तोंड वळवून. पाठीवरचं बाळ कशाकडे बघून हसतं ते आईला दिसत नसतं.

आणि तेवढ्यात दुसरं लक्षात आलं. लव्हॉनने माणसांना सांगितलं असणार, पांढरे खडे धरून या. पाच-सहा जण, दोर, स्ट्रेचर, पुढे नेल्डनबाबा. ते पोहोचणार तेव्हा उन्हं कलंडलेली असणार, समोर डोळ्यांवर. लगोरी दिसली की पाय पडतो. बाबांचा तर सगळ्यांच्या आधी पडेल.

"मला जावं लागेल," मी म्हणाले. "तासाभरात येते."

"नाही." तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. "नको. कापड सोडू नका. पाया पडतो, बाई. रात्री नुसता आवाज होता. हे हातात असलं की वर कुणीतरी आहे एवढं तरी कळतं."

"मी गेले नाही तर वर कुणीच येणार नाही, मिस्टर ग्रोट. ते चुकीच्या बाजूने येतील." मी एक जड, चपटा दगड आणला आणि कापडाच्या टोकावर ठेवला. "बघा, ओढून बघा. पक्कं आहे. गाणं म्हणा हवं तर."

"मला गाता येत नाही. मी नुसता सूर लावायचो," तो म्हणाला. पण त्याने हात खाली घेतला.

मी अठरावीपासून मागे सुरुवात केली. विसावी आणि एकविसावीपर्यंत हात पोहोचत नव्हता, पण त्यांच्याकडे नेणारी एकही उभी राहता कामा नये. लाथ मारायची, दगड खळाळायचे, आणि मी श्वास रोखून ऐकायचे. काही नाही. पुढची. काही नाही. हसू ऐकू आलं असतं तर पळत सुटले असते. आलं नाही, तर वाटायचं, कुणीतरी मुद्दाम गप्प बसलंय. आमच्या वाटेपर्यंत सगळ्या पाडल्या. मग तिथून रांजणापर्यंत, उजव्या अंगाने, वळसा घेऊन, आमच्या रीतीच्या लावत आले. तीन दगड, माथ्यावर काही नाही. चौदा झाल्या. पाठ दुखत होती, दूध भरून आलं होतं, सदरा भिजला होता. ह्या वेळी ओपल खाली रडत असणार.

रांजणापाशी आले तेव्हा उन्हं लाल झाली होती. आतून म्हातारा म्हणाला, आवाज बराच शांत, "फार उपकार झाले हो तुमचे."

"कशाबद्दल?"

"जाणार म्हणालात आणि गेलाच नाहीत. मी डोळे मिटून पडलो होतो. मधूनमधून कापडाला हिसका देत होतात ना, मी आहे म्हणून. त्यावर तग धरला."

मी कापडाच्या टोकाकडे बघितलं. मी ठेवलेला चपटा दगड तिथेच होता. त्याच्यावर अजून चार होते, एकावर एक, नेटके, आणि माथ्यावर पांढरा खडा.

"बाई?" खालून आवाज आला. "तुम्हीच होतात ना?"

त्याचे ओठ आता निळे नाही, करडे दिसत होते. अजून तासभर तरी त्याने जागं राहायला हवं होतं. त्याचा सगळा धीर त्या कापडावर टांगलेला होता.

"मीच," मी म्हणाले. "मी आहे. बोलत राहा. तुमच्या चौघांची नावं सांगा."

मी रांजणाच्या काठाशी बसले, लगोरीकडे पाठ करून, आणि कापड मध्यावर दोन्ही हातांनी धरलं. तो सांगत होता. मोठी रूथ, ती डेन्व्हरला. मग जुळे. मी "हं" म्हणत होते. त्याच्या बाजूचं कापड सैल होतं, तो हात मांडीवर ठेवून बोलत होता, मला दिसत होतं.

मग एक हिसका आला. हलका, विचारल्यासारखा. मागून.

मी वळले नाही. कापड सोडलंही नाही. थोड्या वेळाने दुसरा आला. मी बाळाला थोपटतात तसं कापडावर दोन बोटं थोपटली, का ते मला सांगता येणार नाही, आणि म्हणाले, "धाकटीचं नाव राहिलं, मिस्टर ग्रोट."

साडेपाचला बाबांची शिट्टी ऐकू आली. ते माझ्या चौदा लगोऱ्या धरून उजव्या अंगानेच आले, मागे शेरीफची पाच माणसं आणि त्यांची मुख्य रोंडा. पुढचं सगळं त्यांच्या कामाचं होतं. खडकात खिळे, दोर, एक जण आत उतरला, आणि पाऊण तासात वेंडेल ग्रोट चंदेरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला स्ट्रेचरवर होता. वर आल्यावर त्याने माझा हात शोधून धरला. "बाळ कुठंय?" तो म्हणाला.

"खाली. आजीपाशी."

"दुपारपासून?"

"दुपारपासून."

त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि हात सोडला. मग डोळे मिटून घेतले.

माणसं स्ट्रेचर उचलून निघाली. बाबा कापड गोळा करायला वाकले आणि टोकाशी थांबले. पाच दगड आणि वर खडा. त्यांनी विसावीकडे बघितलं, उताराखाली, जिच्यावर आता ऊन नव्हतं. मग माझ्याकडे.

"ही तू रचलीस?"

मी मान हलवली. नाही.

बाबांनी खिशातून चाकू काढला. लगोरीला हात न लावता, हातभर अलीकडे, कापड कापलं. आपल्या नातीचं कापड, विचारलं सुद्धा नाही. उरलेलं गुंडाळून मला दिलं. "चल," म्हणाले. "सगळ्यांच्या मागे मी राहतो."

आमच्या वाटेवर पोहोचलो तेव्हा रोंडाच्या माणसांनी कपाळावरचे दिवे लावले होते. ते पुढे उतरत होते, आणि मला मागून काहीच ऐकू येईना. वळून बघितलं तर बाबा त्यांच्याच लगोरीपाशी गुडघ्यांवर बसले होते. वरचा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाजूला आडवा ठेवला. मग दुसरा, लांब, दुसऱ्या बाजूला.

"अहो नेल्डन!" रोंडाने खालून हाक दिली. "त्या कशाला काढताय? परत येताना लागतील ना!"

"परत कोण येतंय?" बाबा म्हणाले.

चाळीस वर्षं त्यांनी माणसांना शिकवलं होतं की दगडावर दगड दिसला की निर्धास्त पाऊल टाका. ते पुढच्या लगोरीकडे गेले. गुडघे टेकताना त्यांना वेळ लागला.

"तू हो पुढे, पोरी. लेकरू वाट बघत असेल."

"दोघं असलो तर लवकर होईल," मी म्हणाले.

त्यांनी नाही म्हटलं नाही. मी पलीकडच्या लगोरीपाशी बसले आणि वरचा दगड उचलला. दिवसभराचं ऊन त्यात अजून होतं. बाबा करत होते तसाच मी तो खडकावर टेकवला, आधी एक कड, मग बाकीचा, आवाज होऊ न देता.